भुईमुगातील जनुकीय विविधता आणि जनुकीय चिन्हके

भुईमूग (शास्त्रीय नाव: ॲरॅकिस हायपोजिया) हे शिंबावंत कुळातील महत्त्वाचे तेलबिया पीक आहे. चीन व भारत हे त्याचे जगातील सर्वांत मोठे उत्पादक देश आहेत. या पिकाचे वाण, स्थानिक प्रकार आणि त्यांच्या वन्य नातेवाईक जाती एकमेकांपासून किती वेगळ्या आहेत, हे डीएनएच्या पातळीवर मोजण्यासाठी जनुकीय चिन्हकांचा उपयोग केला जातो. या चिन्हकांना मार्कर असेही म्हणतात.

भुईमुगाच्या बाबतीत या अभ्यासाला विशेष महत्त्व आहे. झाडाची ठेवण, शेंगेचा आकार, दाण्याचा रंग आणि पिकाचा कालावधी यांत भुईमुगाचे वाण परस्परांपासून ठळकपणे वेगळे दिसतात. मात्र त्यांच्या डीएनएमध्ये फरक फारच थोडा आढळतो. पिकाचा जनुकीय पाया अरुंद असेल, तर नव्या रोगाला किंवा बदलत्या हवामानाला तोंड देणारे गुण पिकाच्या आतून मिळण्याची शक्यता कमी होते. हा पाया नेमका किती अरुंद आहे, तो तसा का झाला आणि तो रुंद करण्यासाठी गुण कोठून आणता येतील, हे प्रश्न चिन्हकांच्या साहाय्याने सोडवले जात आहेत.

उत्पत्ती आणि अरुंद जनुकीय पाया

ॲरॅकिस प्रजातीचे मूळ दक्षिण अमेरिकेत आहे. या प्रजातीत ८० पेक्षा अधिक जाती असून त्यांतील बहुतेक वन्य आणि द्विगुणित आहेत. म्हणजे त्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, एकूण २० गुणसूत्रे असतात. लागवडीचा भुईमूग मात्र चतुर्गुणित असून त्याच्या पेशीत ४० गुणसूत्रे असतात. त्यांपैकी २० गुणसूत्रे ॲरॅकिस ड्युरानेन्सिस या वन्य जातीकडून (ए जनुकसंच) आणि २० ॲरॅकिस इपाएन्सिस या वन्य जातीकडून (बी जनुकसंच) आलेली आहेत.

या दोन वन्य जातींचा संकर सुमारे १०,००० वर्षांपूर्वी दक्षिण बोलिव्हिया व वायव्य अर्जेंटिना या परिसरात झाला असे मानले जाते. संकरातून निर्माण झालेल्या झाडात गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली आणि ते प्रजननक्षम बनले. गुणसूत्रांची संख्या वेगळी झाल्याने या नव्या झाडाचा आसपासच्या द्विगुणित वन्य जातींशी यशस्वी संकर होणे जवळजवळ थांबले. त्यामुळे वन्य जातींमधील विविधता पिकात येण्याचा नैसर्गिक मार्ग बंद झाला.

याला दुसऱ्या कारणाची जोड मिळाली. भुईमुगाचे फूल स्वपरागित असते. बहुतांश वेळा एकाच फुलातील पराग त्याच फुलातील स्त्रीकेसरावर पडतो. त्यामुळे वाणावाणांत जनुकांची देवाणघेवाण आपोआप फारशी होत नाही. मोजक्या, कदाचित एकाच, संकरातून झालेली सुरुवात, वन्य जातींपासूनची फारकत आणि स्वपरागण या तीन गोष्टींमुळे भुईमुगाचा जनुकीय पाया अरुंद राहिला. पुढे माणसाने केलेल्या निवडीमुळे आणि मोजक्या लोकप्रिय वाणांच्या प्रसारामुळे तो आणखी आकुंचन पावला.

लागवडीच्या भुईमुगाच्या दोन उपजाती आहेत. हायपोजिया या उपजातीत मुख्य खोडावर फुले येत नाहीत, झाड बहुधा पसरे किंवा निमपसरे असते, पीक उशिरा तयार होते आणि ताज्या दाण्यांत सुप्तावस्था असते. फास्टिजियाटा या उपजातीत मुख्य खोडावरही फुले येतात, झाड उपटे असते, पीक लवकर तयार होते आणि दाण्यांत सुप्तावस्था सहसा नसते. या दोन उपजातींची मिळून सहा वनस्पतिशास्त्रीय प्रकारांत विभागणी केली जाते. व्यापारात प्रचलित असलेले व्हर्जिनिया, स्पॅनिश आणि व्हॅलेन्सिया हे गट याच वर्गीकरणाशी निगडित आहेत.

जनुकीय चिन्हक म्हणजे काय

डीएनएच्या साखळीत ए, टी, जी आणि सी ही चार आधारद्रव्ये ठरावीक क्रमाने येतात. एकाच जातीच्या दोन झाडांत हा क्रम बहुतांश ठिकाणी सारखा असतो. काही ठिकाणी तो वेगळा असतो. असा फरक असलेले आणि प्रयोगशाळेत खात्रीने ओळखता येणारे स्थान म्हणजे जनुकीय चिन्हक होय. त्या स्थानावर आढळणाऱ्या वेगवेगळ्या रूपांना युग्मविकल्पी म्हणतात.

झाडाची उंची किंवा शेंगांची संख्या यांसारखी लक्षणे जमीन, पाऊस आणि खत यांनुसार बदलतात. डीएनएवरील चिन्हक हवामानाने बदलत नाही. ते रोपाच्या कोवळ्या पानातूनही तपासता येते आणि त्यासाठी पीक काढणीपर्यंत थांबावे लागत नाही. चिन्हक स्वतः एखाद्या गुणास कारणीभूत असलेच पाहिजे असे नाही. ते त्या गुणाच्या जनुकाजवळ असले, तरी पुढील पिढीत दोन्ही बहुधा एकत्र जातात आणि चिन्हकावरून जनुकाच्या अस्तित्वाचा अंदाज बांधता येतो.

चिन्हकांचे प्रकार आणि भुईमुगातील वापर

भुईमुगातील चिन्हकांचा इतिहास हा सूक्ष्मातिसूक्ष्म फरक टिपू शकणाऱ्या साधनाच्या शोधाचा इतिहास आहे.

आइसोझाइम: हे एकाच विकराचे वेगवेगळे प्रकार असतात. विद्युत क्षेत्रात ते वेगवेगळ्या वेगाने सरकतात व त्यावरून ओळखले जातात. लागवडीच्या भुईमुगात या पद्धतीने फारच थोडा फरक आढळला.

आरएफएलपी: या पद्धतीत डीएनए विशिष्ट ठिकाणी कापणाऱ्या विकरांनी त्याचे तुकडे केले जातात आणि तुकड्यांच्या लांबीतील फरक पाहिला जातो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील संशोधकांनी ही पद्धत भुईमुगाला लावली. वन्य जातींमध्ये भरपूर विविधता दिसून आली, परंतु लागवडीच्या वाणांमध्ये ती जवळजवळ दिसली नाही. या निष्कर्षामुळे अरुंद जनुकीय पायाचा प्रश्न स्पष्टपणे पुढे आला. १९९६ मध्ये याच पद्धतीला गुणसूत्रांच्या अभ्यासाची जोड देऊन ॲरॅकिस ड्युरानेन्सिस व ॲरॅकिस इपाएन्सिस या दोन जाती भुईमुगाच्या पूर्वज असल्याचा पुरावा मांडण्यात आला.

आरएपीडी आणि एएफएलपी: या पद्धती पॉलिमरेज साखळी अभिक्रियेवर म्हणजेच पीसीआरवर आधारित आहेत. डीएनएच्या क्रमाची आधी माहिती नसतानाही त्या वापरता येतात. आरएपीडी ही स्वस्त व सोपी पद्धत आहे. परंतु तिचे निष्कर्ष वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तंतोतंत जुळतीलच असे नाही. भुईमुगात तिने सुरुवातीला फारसा फरक दाखवला नाही. एएफएलपी पद्धतीत एकाच वेळी अनेक स्थाने तपासली जात असल्याने वाणांमधील काही फरक टिपता आले.

एसएसआर: डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन ते सहा आधारद्रव्यांचा छोटा तुकडा ओळीने अनेकदा येतो, उदाहरणार्थ, ‘जीए’ ही जोडी पंधरा-वीस वेळा सलग येऊ शकते. अशा पुनरावृत्तीला सूक्ष्मउपग्रह डीएनए असेही म्हणतात. पेशी डीएनएची प्रत बनवताना येथे चूक होण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे पुनरावृत्तींची संख्या इतर भागांच्या तुलनेने लवकर बदलते. भुईमुगासारख्या अवघ्या दहा हजार वर्षांच्या जातीत हाच गुण उपयोगी पडला: जेथे सावकाश बदलणाऱ्या डीएनएमध्ये फरक साचलेला नव्हता, तेथे वेगाने बदलणाऱ्या भागांत तो सापडला. भुईमुगातील एसएसआर चिन्हकांचा पहिला अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या दशकात अशी हजारो चिन्हके विकसित झाली. २००९ मध्ये लागवडीच्या भुईमुगाचा एसएसआरवर आधारित पहिला जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. त्यासाठी टीएजी २४ आणि आयसीजीव्ही ८६०३१ यांच्या संकराची संतती वापरली होती. यांपैकी टीएजी २४ हा वाण मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोला येथील कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून तयार झाला असून त्याच्या नावातील इंग्रजी आद्याक्षरे तुर्भे, अकोला आणि भुईमूग यांची निदर्शक आहेत.

एसएनपी: डीएनएच्या साखळीतील एकाच आधारद्रव्याचा बदल म्हणजे एसएनपी. ही चिन्हके जनुकसंचात सर्वत्र विखुरलेली असतात आणि यंत्राच्या साहाय्याने एका वेळी हजारोंच्या संख्येने तपासता येतात. २०१६ मध्ये दोन्ही वन्य पूर्वजांच्या आणि २०१९ मध्ये लागवडीच्या भुईमुगाच्या जनुकसंचाचा क्रम प्रसिद्ध झाल्यावर एसएनपींचा शोध सुकर झाला. २०१७ मध्ये ५८,००० हून अधिक एसएनपी एकाच वेळी तपासणारी चिप भुईमुगासाठी उपलब्ध झाली.

चतुर्गुणिततेमुळे येणारी अडचण

भुईमुगाचे ए आणि बी हे दोन जनुकसंच सुमारे २० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत; तरीही ते परस्परांशी पुष्कळसे सारखे आहेत. त्यामुळे एकाच झाडात ए संचातील एका स्थानावर ‘जी’ व बी संचातील तत्सम स्थानावर ‘टी’ असेल, तर यंत्राला तेथे ‘जी’ आणि ‘टी’ अशी दोन्ही रूपे दिसतात. हा दोन वाणांमधील फरक नसून एकाच झाडातील दोन संचांमधील फरक असतो. अशी खोटी चिन्हके वगळली नाहीत, तर विविधतेचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो. दोन्ही पूर्वजांचे जनुकसंच स्वतंत्रपणे वाचले गेल्यामुळे कोणता तुकडा कोणत्या संचातील आहे हे ठरवणे शक्य झाले.

विविधतेचे मोजमाप

वाणांची चिन्हके तपासल्यावर मिळालेल्या माहितीवरून पुढील प्रकारची मोजमापे केली जातात.

विविधता निर्देशांक: एखाद्या चिन्हकाच्या प्रत्येक युग्मविकल्पीची वारंवारता घेऊन त्या वारंवारतांच्या वर्गांची बेरीज १ मधून वजा केली जाते. उदाहरणार्थ, एका एसएसआर चिन्हकाचे चार युग्मविकल्पी असून त्यांच्या वारंवारता ०.५, ०.३, ०.१ आणि ०.१ असतील, तर वर्गांची बेरीज ०.२५ + ०.०९ + ०.०१ + ०.०१ = ०.३६ येते आणि निर्देशांक ०.६४ होतो. दोन युग्मविकल्पी ०.९५ आणि ०.०५ या प्रमाणात असतील, तर निर्देशांक केवळ ०.०९५ येतो. याचा अर्थ, यादृच्छिकपणे निवडलेले दोन नमुने त्या स्थानावर वेगळे असण्याची शक्यता पहिल्या उदाहरणात ६४ टक्के, तर दुसऱ्यात १० टक्क्यांहूनही कमी आहे. एसएनपीला बहुधा दोनच युग्मविकल्पी असल्याने त्याचा निर्देशांक ०.५ च्या पुढे जात नाही; ही उणीव चिन्हकांच्या मोठ्या संख्येने भरून निघते.

जनुकीय अंतर आणि वृक्षाकृती: प्रत्येक दोन वाणांमध्ये किती चिन्हके सारखी आहेत यावरून त्यांच्यातील अंतर काढले जाते. या अंतरांवरून जवळचे वाण एका फांदीवर आणि दूरचे वेगळ्या फांदीवर दाखवणारी आकृती तयार होते. भुईमुगाच्या अनेक अभ्यासांत हायपोजिया आणि फास्टिजियाटा या उपजातींचे वाण स्थूलमानाने वेगळ्या गटांत पडतात. दोन्हींच्या संकरातून आलेले वाण मात्र अधेमधे आढळतात.

समूहरचना: मोठ्या संग्रहात मूळचे किती समूह आहेत आणि प्रत्येक वाणात कोणत्या समूहाचा किती वाटा आहे, याचा अंदाज सांख्यिकीय प्रारूपांनी बांधला जातो.

दिसणारी विविधता कोठून आली

डीएनएमध्ये इतका कमी फरक असताना वाण एकमेकांपासून इतके वेगळे कसे दिसतात, या प्रश्नावर जनुकसंचाच्या वाचनाने काही प्रकाश टाकला. २०१९ च्या अभ्यासात असे आढळले की भुईमुगात ए आणि बी संचांतील तत्सम गुणसूत्रांच्या भागांची क्वचित अदलाबदल होते. त्यामुळे काही ठिकाणी एका संचाचा भाग नाहीसा होऊन त्याच्या जागी दुसऱ्या संचाचा भाग येतो. दोन्ही वन्य पूर्वजांचा नव्याने संकर करून तयार केलेल्या चतुर्गुणित झाडांमध्येही अशी अदलाबदल दिसून आली आणि तिच्यामुळे फुलांच्या रंगात बदल झाल्याचे आढळले. म्हणजेच बाहेरून नवीन जनुके न येताही दोन संचांच्या आतल्या फेरफारातून दृश्य विविधता निर्माण होऊ शकते. मात्र रोगप्रतिकाराचे जे जनुक दोन्ही पूर्वजांकडे मुळातच नव्हते, ते अशा फेरफारातून मिळत नाही.

जननद्रव्य संग्रह

हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जनुकपेढीत भुईमुगाचे १५,००० हून अधिक नमुने जतन केलेले आहेत. गुजरातमधील जुनागढ येथील भुईमूग संशोधन संस्थेतही मोठा संग्रह आहे. इतक्या नमुन्यांची प्रत्येक रोगासाठी शेतात चाचणी घेणे व्यवहार्य नसते. म्हणून विविधतेचा बराचसा भाग राखून नमुन्यांची संख्या कमी करण्यासाठी गाभा संग्रह तयार केले जातात. इक्रिसॅटच्या गाभा संग्रहात १,७०४, तर त्यातून निवडलेल्या लघुगाभा संग्रहात १८४ नमुने आहेत. हे संग्रह मुख्यतः दृश्य लक्षणे आणि नमुन्यांचे मूळ स्थान यांवरून निवडले गेले. त्यांत डीएनएच्या पातळीवरील विविधता कितपत आली आहे, हे नंतर चिन्हकांच्या साहाय्याने तपासले गेले. वेगवेगळ्या नावांनी नोंदलेला एकच नमुना शोधून काढण्यासाठीही चिन्हके उपयोगी पडतात.

वन्य जातींचे योगदान

पानांवरील टिक्का आणि तांबेरा हे भुईमुगाचे प्रमुख बुरशीजन्य रोग आहेत. दोन्ही एकाच वेळी तीव्रतेने आल्यास निम्म्याहून अधिक उत्पादन हातचे जाऊ शकते. लागवडीच्या वाणांमध्ये या रोगांचा चांगला प्रतिकार क्वचितच आढळतो. वन्य जातींमध्ये मात्र तो आढळतो.

बोलिव्हियातून आणलेल्या ॲरॅकिस कार्डेनासी या वन्य जातीच्या एका नमुन्याचा लागवडीच्या भुईमुगाशी १९६० च्या दशकात अमेरिकेत संकर करण्यात आला. गुणसूत्रांच्या संख्येतील फरकामुळे हे काम अवघड होते आणि त्यासाठी अनेक टप्प्यांचे संकर करावे लागले. त्यातून मिळालेले बियाणे संशोधन संस्थांच्या देवाणघेवाणीतून अनेक देशांत गेले आणि स्थानिक वाणांशी पुन्हा पुन्हा संकरित होत राहिले. या प्रवासाच्या नोंदी अपुऱ्या असल्याने वन्य जातीचा वाटा नेमका कोठवर पोहोचला हे अनेक दशके ज्ञात नव्हते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चिन्हके आणि वंशावळी यांची सांगड घालून कार्डेनासीच्या गुणसूत्रांचे तुकडे शोधण्यात आले. आफ्रिका, आशिया, ओशनिया आणि अमेरिका खंडांतील रोगप्रतिकारक वाणांमध्ये ते सापडले. एका वन्य नमुन्याने जगभरच्या पिकाला दिलेले हे योगदान होते.

याच अभ्यासाने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. जैवविविधता करारानंतर देशोदेशी आलेल्या कायद्यांमुळे वन्य नमुन्यांचे संकलन आणि बियाण्यांची आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण पुष्कळ घटली आहे. या कायद्यांमागे, जैविक संपत्तीवर तिच्या मूळ देशाचा आणि तेथील समाजांचा हक्क राहावा, ही भूमिका आहे. हा हक्क जपत देवाणघेवाण सुरू ठेवणे, हा भुईमुगासारख्या अरुंद पायाच्या पिकापुढील महत्त्वाचा प्रश्न ठरला आहे.

पैदाशीतील उपयोग

तांबेरा प्रतिकार: कर्नाटकातील धारवाड येथील कृषी विद्यापीठाचा जीपीबीडी ४ हा वाण टिक्का व तांबेरा या दोन्ही रोगांना प्रतिकारक आहे आणि त्याचा प्रतिकार कार्डेनासीच्या वंशातून आलेला आहे. चिन्हकांच्या साहाय्याने त्यातील तांबेरा प्रतिकाराशी निगडित भाग निश्चित करण्यात आला. हा भाग प्रतिकारातील फरकाचा ८० टक्क्यांहून अधिक वाटा स्पष्ट करतो, असे अभ्यासात आढळले. पुढे इक्रिसॅटमध्ये चिन्हकांच्या आधारे तो आयसीजीव्ही ९१११४, जेएल २४ आणि टीएजी २४ या तीन वाणांत आणला गेला. हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. यांतील जेएल २४, म्हणजेच फुले प्रगती, हा जळगाव येथील तेलबिया संशोधन केंद्राचा वाण असून तो भारतातील अनेक राज्यांत पसरला आणि मलावीतही काकोमा या नावाने लागवडीत आला. प्रत्येक पिढीत प्रतिकारक भाग असलेली रोपे चिन्हकावरून निवडून मूळ वाणाशी पुन्हा संकर केल्यामुळे मूळ वाणाचे बहुतेक गुण कायम राहिले.

तेलाची प्रत: ओलेइक आम्लाचे प्रमाण जास्त असलेले शेंगदाणे व त्यांचे तेल लवकर खवट होत नाही. हा गुण एफएडी२ या जनुकाच्या ए आणि बी या दोन्ही संचांतील प्रती निकामी झाल्यावर ठळकपणे दिसतो आणि ओलेइक आम्लाचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांपर्यंत जाते. विविधतेच्या अभ्यासांत असे दिसले की ए संचातील बदल हायपोजिया उपजातीत बऱ्याच नमुन्यांत आहे, फास्टिजियाटात तो दुर्मीळ आहे आणि बी संचातील बदल तर निसर्गात फारच क्वचित आढळतो. दोन्ही बदल असलेला नमुना प्रथम अमेरिकेतील फ्लोरिडा येथे सापडला व १९८७ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. प्रत्येक बदल केवळ एका आधारद्रव्याचा असल्याने त्यासाठी नेमकी चिन्हके बनवता आली. अशा चिन्हकांच्या साहाय्याने केलेल्या निवडीतून भारतात गिरनार ४ आणि गिरनार ५ हे उच्च ओलेइक वाण तयार झाले.

संकराची खातरजमा: भुईमुगात संकर हाताने करावा लागतो. फूल उमलण्यापूर्वी त्यातील परागकोश काढून दुसऱ्या वाणाचा पराग लावला जातो. थोडी चूक झाली तरी स्वपरागण होते आणि मिळालेला दाणा संकरित नसतो. अशा दाण्याचे रोप लहान असतानाच एसएसआर चिन्हकावरून त्याचे संकरितपण तपासता येते.

मर्यादा

चिन्हकांवरून काढलेली विविधता आणि शेतात उपयोगी पडणारी विविधता या एकच गोष्टी नाहीत. बहुतेक चिन्हके झाडाच्या गुणांवर थेट परिणाम करत नाहीत. दोन वाण चिन्हकांनुसार दूरचे असूनही रोगाला सारखेच बळी पडू शकतात. चिपवरील एसएनपी ठरावीक वाणांच्या आधारे निवडलेले असतात, त्यामुळे त्या वाणांत नसलेले स्थानिक प्रकारांतील दुर्मीळ बदल निसटू शकतात. वेगवेगळ्या अभ्यासांतील निर्देशांकांची थेट तुलनाही करता येत नाही, कारण चिन्हकांची निवड आणि नमुन्यांची संख्या वेगळी असते. म्हणून चिन्हकांचे निष्कर्ष शेतातील चाचण्यांशी आणि दृश्य लक्षणांच्या नोंदींशी पडताळून पाहिले जातात. तसेच चिन्हके केवळ अस्तित्वात असलेली विविधता दाखवतात. एखादा स्थानिक प्रकार किंवा वन्य जाती नष्ट झाली, तर तिच्यातील गुण परत मिळवता येत नाहीत. ॲरॅकिस इपाएन्सिस ही पूर्वज जाती निसर्गात बोलिव्हियातील एकाच ठिकाणाहून ज्ञात आहे. त्यामुळे वन्य जातींचे त्यांच्या अधिवासात आणि जनुकपेढ्यांत संवर्धन करणे हा या अभ्यासाचा अविभाज्य भाग मानला जातो.

हे सुद्धा पहा

भुईमूग
जनुक
गुणसूत्र
वनस्पती पैदास
जनुकपेढी
इक्रिसॅट